तीन वाजताचं पाणी

तारळकोट नगरपरिषदेत हणमंत गुरवांइतका वक्तशीर माणूस दुसरा नव्हता आणि त्यांच्याइतका नियम मोडणाराही. पहिली गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. दुसरी फक्त भिवाईच्या डोंगरावरच्या चौतीस घरांना ठाऊक होती, आणि त्या घरांतल्या बायकांनी ती अकरा वर्षं कोणाला कळू दिली नव्हती. बायकांना गुपित ठेवता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा डोंगरआळीच्या एकशे दहा पायऱ्या चढून वर जाऊन यावं.

हणमंत पाणीपुरवठा खात्यात चावीवाले होते. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी, हातात एक पातळ सळई आणि डोक्यात सगळ्या गावाच्या नळांचं वेळापत्रक. सळई रस्त्यावर टेकवून तिच्या वरच्या टोकाला कान लावला की खालची पाइपलाइन कुठे गळते हे ते हातभर अंतरात सांगायचे. नवे इंजिनिअर आधी हसायचे, आणि पहिला खड्डा चुकीच्या जागी खणून झाला की "गुरवमामा, जरा येता का?" म्हणून फोन करायचे. येत्या चैत्रात मामा निवृत्त होणार होते.

डोंगरआळीच्या दोन रांगा. खालची रांग रस्त्याला लागून, एकेचाळीस घरांची. वरली रांग, म्हणजे तीच चौतीस घरं, तिच्या डोक्यावर, उतारात जागा खोदून बसलेली. पाणी सकाळी सहा ते पावणेसात. तेवढ्यात खालच्या रांगेच्या मोटारी सगळं ओढून घ्यायच्या आणि वरल्या रांगेच्या नळाला नुसती हवा यायची. कागदावर मात्र दोन्ही रांगांना पाणी होतं, त्यामुळे तक्रारीचं उत्तर ठरलेलं असायचं: पुरवठा सुरळीत आहे.

वरली रांग ही हणमंतांची सासुरवाडी. त्यांची बायको कुसुम तिथली. शेवटच्या आजारपणात ती एकदा म्हणाली होती, "माझ्या माहेरच्या बायका अजून हंडं वाहत्यात. आन् गावाची चावी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर." एवढंच म्हणाली, तेही हसत. दुसऱ्या दिवशी हणमंत डोंगरावरच्या टाकीवर गेले. जुन्या काळची एक चार इंची लाइन तिथे घाणेरीच्या झुडपांत दबलेली होती. नकाशावर ती नव्हतीच. आठवडाभर तेल सोडून त्यांनी तिचा गंजलेला व्हॉल्व्ह फिरता केला, आणि गावातले सगळे नळ बंद असताना एका दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी तो उघडला. वरल्या रांगेत पहिला हंडा भरला तेव्हा कुसुम हयात होती. त्यांनी तिला फोनवरून नळाचा आवाज ऐकवला. पुढच्या महिन्यात ती गेली.

त्यानंतर एका दिवसाचा खंड नाही. तिच्या दहाव्यालासुद्धा घाटावरून परत येऊन त्यांनी तीन पाचला चावी फिरवली होती. रोज वीस मिनिटं. आणि कुठल्याही नोंदवहीत त्याची एक ओळ नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, त्याला वाण द्यायचं, ही रीत तारळकोटात अजून मोडली नव्हती. हणमंत टाकीकडे निघाले की हौसाआत्या त्यांना पायऱ्यांवरच गाठायची. ही कुसुमची आत्या, ऐंशीच्या घरातली, आणि वरल्या रांगेपुरती नगराध्यक्ष.

"जावईबापू, धोंड्याच्या म्हैन्यात तरी जेवाया या की."

"कुसुम न्हाय, आत्या. आता कसलं धोंडं आन् कसलं वाण."

"लेक गेली म्हून जावई बी जातोय व्हय? तुमी आमच्या अख्ख्या रांगंचं जावई हायसा. एका घरी जेवून भागायचं न्हाय."

"बघू पुढच्या आठवड्यात," म्हणून हणमंत सटकायचे. जेवायला त्यांची ना नव्हती. पण त्या घराच्या ओट्यावर बसलं की कुसुम आतून पाणी घेऊन येईल असं वाटायचं, आणि ती यायची नाही.

आता त्यांच्या लेकीबद्दल सांगायला हवं. शरयू त्याच नगरपरिषदेत आपत्ती कक्षाची अभियंता होती. बापाचा कान तिने घेतला होता. फक्त तिची सळई अठरा किलोमीटर लांब होती.

इंटरनेटसाठी गावभर काचेची तार पुरलेली होती. केसाएवढ्या काचेतून प्रकाश धावतो. ती काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक दोष असतात, आणि अशा प्रत्येक ठिकाणाहून प्रकाशाचा किंचित अंश मागे फिरतो. वरून कोणी चाललं, जमीन अगदी थोडी ताणली, की तारही ताणते आणि मागे येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. एका टोकाला यंत्र बसवून ही लय सेकंदाला हजार वेळा मोजायची. मग ती तार म्हणजे दर पाच मीटरला एक कान झाला. तारळकोटच्या जमिनीखाली असे छत्तीसशे कान होते, आणि तीन वर्षांपूर्वी ते नगरपरिषदेने शरयूच्या हवाली केले होते.

डोंगर ढासळण्याआधी आवाज करतो. आतले दगड एकमेकांवर घासतात, माती तडकते. माणसाला ते ऐकू येत नाही, तारेला येतं. अडचण अशी की डोंगरापेक्षा गाव जास्त आवाज करतं. म्हणून यंत्राला आधी गावाचे रोजचे आवाज शिकवावे लागतात. शाळेची घंटा, पिठाची गिरणी, साडेनऊची एसटी. एखादा आवाज 'रोजचा' म्हणून नोंदवला की यंत्र तो वजा करतं, आणि त्याच्या मागोमाग दोन तास त्या भागात जी कुरकुर होते तीही वजा करतं. उरतं ते नवं. शिवाय रोजचा आवाज आला नाही तरी यंत्र 'आवाज नाही, चौकशी करा' असं सांगतं. एका सकाळी गिरणी वाजली नाही म्हणून शरयूने माणूस पाठवला, तर गिरणीवाले महादबा तापाने फणफणून एकटेच पडले होते. तेव्हापासून गाव त्या यंत्राला 'शरयूचे कान' म्हणू लागलं.

आवाज ओळखायचे तर गाव पाठ असलेला माणूस हवा. तो घरातच होता. तीन दिवस बापलेक अंगणात बसले होते. तिने आवाज लावायचा, त्यांनी नाव सांगायचं.

"डोंगरावर टाकीजवळ, तीन पाचला, वीस मिनिटं. रोज. हे काय आहे, अण्णा?"

हणमंतांनी चहाचा घोट घेतला. "टाकी धुत्यात."

शरयूने लिहिलं: टाकी धुणे. रोजचे. तिने बापाला दुसऱ्यांदा विचारलं नाही. का विचारावं?

पहिल्या वर्षी त्या कानांनी दोनदा फजिती केली. एकदा रोडरोलरला डोंगर समजले, एकदा ढोलपथकाच्या सरावाला. दोन्ही वेळा डोंगरआळी उठून शाळेत गेली आणि दोन्ही वेळा वैतागून परत आली. मग सर्वसाधारण सभेने ठराव केला: यंत्राने धोक्याचा लाल रंग दाखवल्याशिवाय वस्ती हलवायची नाही; नाहीतर एखाद्या जबाबदार कर्मचाऱ्याने कारणासह लेखी द्यायचं आणि मुख्याधिकाऱ्यांनी त्यावर सही करायची. दुसरं कलम कोणी कधी वापरलं नव्हतं. लेखी देऊन कोण स्वतःला अडकवून घेणार?

त्या गुरुवारी पावसाचा पाचवा दिवस होता. शरयूने सकाळी जेवणाचा डबा भरताना फोनवर बघून सांगितलं, "डोंगर हिरवा आहे, अण्णा. पिवळासुद्धा नाही." तिच्या आवाजात थोडा दिमाख होता आणि हणमंतांना तो फार आवडायचा.

दोन वाजता ते खालच्या रांगेतून चालले होते. तिथे आषाढापासून एक नवं प्रस्थ झालं होतं. डोंगराच्या पायथ्याच्या दगडी बांधातून पाण्याची धार फुटली होती. भिवाई प्रसन्न झाली म्हणून बायकांनी तिथे हळदीकुंकू वाहिलं, एक छोटी घंटा बांधली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर तीर्थ द्यायला सुरुवात केली. हणमंत रोज लांबूनच हात जोडून जायचे. त्या दिवशी एका सुनेने छत्रीतून हाक मारली, "मामा, आज देवीचं पाणी तांबडं आलंय. कुंकवासारखं. घ्या तीर्थ."

त्यांनी ओंजळ पुढे केली आणि घोट घेतला.

तोंडात माती आली. आणि मातीच्या मागून एक चव आली, जी हणमंतांना झोपेतसुद्धा ओळखता आली असती. पस्तीस वर्षं रोज सकाळी टाकीत स्वतःच्या हाताने टाकलेल्या टीसीएलची, पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीची चव. भिवाईच्या डोंगराच्या पोटात क्लोरीन कुठून येणार? हे देवीचं पाणी नव्हतं. हे त्यांचं पाणी होतं, तीन वाजताचं.

ते तसेच पायऱ्या चढून वर गेले. निम्म्या वाटेवर, जिथून ती जुनी लाइन जात होती, तिथे सळई टेकवून त्यांनी कान लावला. फुटलेल्या जोडाचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. कालपासून साठून राहिलेलं पाणी अजून झिरपत होतं. पण त्याच्या खालून आणखी काही येत होतं. कट्. थोडं थांबून, कट् कट्. कोणी आत बसून सुपारी कातरत असावं तसं. असा आवाज पाइपचा नसतो.

तीन वाजत आले होते. वरल्या रांगेत हंडे नळाखाली लागले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा हणमंत टाकीकडे न जाता मागे फिरले.

आपत्ती कक्ष नगरपरिषदेच्या दुसऱ्या मजल्यावर. शरयू पडद्यासमोर बसली होती; टाकीजवळच्या तारेची 'आवाज नाही, चौकशी करा' ही ओळ नुकतीच उमटली होती. बापाला चिंब भिजलेलं बघून ती टॉवेल शोधायला उठली.

"बस आधी," हणमंत म्हणाले. "तीन पाचचा आवाज काढ. टाकीजवळचा."

"टाकी धुण्याचा?"

"टाकी धुत न्हाईत, पोरी. कधीच न्हाय धुतली तीन वाजता. खोटं बोललो तुझ्याशी."

त्यांनी सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, साहेबासमोर सांगावं तसं. कुसुमचं बोलणं, झुडपातली लाइन, वीस मिनिटं, तीर्थातली टीसीएल, सळईखालची कटकट.

शरयू खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, अण्णा. जगात सगळ्यात आधी तुम्हाला विचारलं होतं."

"व्हय."

"आईसाठी केलंत ते मला का नाही सांगितलं? मी काय कोणी परकी आहे का?"

"तू साहेब झालीस," हणमंत म्हणाले. "सांगितलं असतं तर तुला ते बंद करावं लागलं असतं."

तिने डोळे पुसले आणि कीबोर्ड पुढे ओढला. 'टाकी धुणे' ही नोंद तिने पुसली आणि यंत्राला मागचे तीन महिने नव्याने ऐकायला लावले. रोज दुपारी पाणी सुटलं की फुटक्या जोडातून ते डोंगरात शिरत होतं, ओली माती दोन तास कुरकुरत होती, आणि यंत्र ती कुरकुर नेमाने वजा करत होतं. पावसाने डोंगर भिजत गेला तशी कुरकुर वाढत गेली होती. पडद्यावर आता वजा न केलेली रेघ उमटली. ज्येष्ठात ती जमिनीला टेकून होती. सोमवारपासून उभी चढत होती. त्या दोन तासांच्या बाहेर ती आज दुपारीच पहिल्यांदा सांडली होती, यंत्र पिवळंही होणार नाही एवढीच.

"लाल कर की मग," हणमंत म्हणाले.

"नाही होत. रोजचं बदललं की यंत्राला नव्या हिशेबाने शिकायला दोन दिवस लागतात. तोवर ते हिरवंच राहणार." तिने खिडकीतून डोंगराकडे बघितलं. डोंगर दिसत नव्हता, नुसता पाऊस दिसत होता. "दोन दिवस नाहीत आपल्याकडे."

हणमंतांनी हात पुढे केला. "कागद दे."

"अण्णा, लेखी दिलंत तर चौकशी लागेल. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. बेकायदा जोडणी, खोटी माहिती... आणि त्यावर शेरा मला मारावा लागेल."

"मग नीट मार. तुजं अक्षर चांगलंय."

मुख्याधिकारी जमादार मॅडम नव्या होत्या, कडक होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, एकदा हणमंतांकडे बघितलं आणि सही केली. "तुमचं काय करायचं ते नंतर बघू, गुरव. आधी माणसं हलवू. मी येते." चारच्या सुमाराला नगरपरिषदेत होते-नव्हते तेवढे सगळे डोंगरआळीत पोचले. सफाई कामगार, वायरमन, अग्निशमनचे लोक आणि सहा घंटागाड्या. घंटागाडीच्या भोंग्यावरून, जिथून एरवी ओला कचरा सुका कचरा चालतं, तिथून मॅडम स्वतः घर सोडा म्हणून सांगत होत्या.

कोणी हललं नाही. खालच्या रांगेत एकाने दारातूनच फोन पुढे धरला. "मॅडम, तुमचं यंत्र हिरवं दावतंय. ह्ये बघा. तुमीच सांगितलं हुतं, लाल झाल्याबिगार हलू नका म्हून." त्याचं काही चुकत नव्हतं. दोनदा मूर्ख बनलेली माणसं होती ती, आणि ठराव त्यांनी वाचलेला होता.

हणमंत वर गेले. हौसाआत्याच्या ओट्याशी वरली रांग गोळा झाली होती, रिकामे हंडे घेऊन. त्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा तेच सांगितलं: खालच्या रांगेतला झरा देवीचा नाही, माझा आहे, जोड फुटलाय, मीच हा डोंगर भिजवलाय, चला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रागावलं कोणीच नाही, आणि त्याने हणमंतांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी पाणी दिलंसा, जावईबापू," हौसाआत्या म्हणाली. "त्यानं कुटं डोंगर पडतोय? चाळीस वर्सं बघतीया मी ह्यो पाऊस. त्या शाळंत मागच्या टायमाला ढेकणं चावली रातभर. मी न्हाय यायची. चुलीवर डाळ शिजतीया माझी, पुरणाची. उद्या तुमास्नी उचलून आणून जेवू घालायचा बेत हाय."

हणमंतांनी आत चुलीकडे बघितलं. मग त्यांनी खांद्यावरची चावी ओट्याला टेकवली, टोपी सरळ केली, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. जावयासारखे रुसले.

"आत्या, तीस वर्सं जावई हाय मी ह्या रांगंचा. कधी मान मागितला? लग्नात घड्याळ न्हाय मिळालं, बोललो? मानपान न्हाय, रुसवा न्हाय. आज मागतो. धोंडं जेवायचंय मला. पण उद्या न्हाय, आज. आन् हितं न्हाय, शाळंत. चौतीस घरचं चौतीस धोंडं, समद्यांनी माझ्या पंगतीला बसायचं. एक जरी घर आलं न्हाय तर मी ताटावरनं उठनार, आन् पुन्यांदा ही पायरी चढनार न्हाय."

बायकांनी हंडे खाली ठेवले. जावई रुसून ताटावरून उठला, तेही धोंड्याच्या महिन्यात, ही नामुष्की वरल्या रांगेला डोंगर पडण्याइतकीच मोठी होती. डोंगराचं तरी खात्रीने कोणी सांगू शकत नव्हतं.

हौसाआत्याने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. म्हातारीला यंत्र कळत नव्हतं, पण माणूस कळत होता.

"ए पोरींनो," ती आत वळून ओरडली, "डाळीचं पातेलं उचला. परात घ्या, गूळ घ्या. जावई शाळंत जेवायचा म्हनतोय."

एकशे दहा पायऱ्यांवरून मग अशी वरात उतरली की बघत राहावं. पुढे पुरणाचं पातेलं, मागे पराती, पोळपाट, देवघरातले टाक, पिशव्यांत कागदपत्रं, अंथरुणं, शेळ्या. हौसाआत्या दोन सफाई कामगारांच्या हातांच्या पाळण्यात बसून, त्यांना नीट धरायच्या सूचना देत. अख्खी वरली रांग डोक्यावरून निघून गेलेली बघितल्यावर खालच्या रांगेला घरात बसवेना. फोन दाखवणारा गडीही पाच मिनिटांनी टीव्ही काखेत मारून घंटागाडीत चढला. सहा वाजता शरयूने यादी जुळवली. पंचाहत्तर घरं, तीनशे बारा माणसं, शाळा नंबर चार.

सातवीच्या वर्गात पंगत बसली. हणमंतांना पाटावर बसवून कपाळाला गंध लावलं. पहिला धोंडा ताटात पडला तेव्हा त्यांनी शेजारची जागा थोडी मोकळी ठेवल्याचं शरयूने पाहिलं. ती काही न बोलता त्या जागेवर येऊन बसली आणि बापाच्या ताटातला एक धोंडा उचलून खाऊ लागली. दुपारपासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली होती.

"गोड जास्त झालंय," ती म्हणाली.

"तुज्या आईचं पन व्हायचं," हणमंत म्हणाले. त्यांनी आणखी एक धोंडा तिच्याकडे सरकवला.

शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी डोंगर आला. शाळेच्या खिडक्या वाजल्या, आणि मग असा आवाज झाला की पटांगणातल्या शेळ्या खाली बसल्या. वरल्या रांगेतली एकोणीस घरं आणि खालच्या रांगेतली बारा घरं चिखलाखाली गेली. हौसाआत्याचं घर त्यात होतं, कुसुमचं माहेर. त्या घरांमध्ये एकही माणूस नव्हता. शरयूच्या फोनवर डोंगर तेव्हाही हिरवाच होता.

हणमंत व्हरांड्यात येऊन हौसाआत्याजवळ बसले.

"गेलं का?" तिने विचारलं.

"गेलं, आत्या."

ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "धोंडं उरल्यात रातचं. खराब व्हत्याल. खाऊन घ्या." हणमंत तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले, आणि ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

पंधरा दिवसांनी शरयू संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या हातात लिफाफा होता. कारणे दाखवा नोटीस. मसुदा तिनेच केला होता.

"डोंगर माझ्यामुळं आला का, शरे?" लिफाफा घेण्याआधी हणमंतांनी विचारलं. पंधरा दिवस हा प्रश्न त्यांनी टाळला होता.

तिला खोटं बोलता आलं असतं. त्या घरात त्याचा अनुभव होताच. "पाऊस एवढा होता की कदाचित तसाही आला असता," ती म्हणाली. "पण तुमच्या पाण्याने तो आधीच मऊ झाला होता, आणि तुमच्या खोट्यामुळे मला तो ऐकू आला नाही. आणि माणसं वाचली तीही तुमच्यामुळेच. मी अहवालात हे सगळं लिहिलंय. आणि आपण इतकी वर्षं वरल्या रांगेला पाणी न देताच 'दिलं' असं कागदावर लिहीत होतो, हेही लिहिलंय."

हणमंतांनी चष्मा लावला आणि नोटीस शेवटपर्यंत वाचली. "हितं जोडणीची जागा चुकलीय. टाकीच्या उत्तरेला न्हाय, पूर्वेला," ते म्हणाले. "बाकी झ्याक लिव्हलंयस." आणि त्यांनी पोच म्हणून सही केली. शरयूने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि तो हात बराच वेळ सोडला नाही.

शिक्षा म्हणून त्यांची चावी काढून घेतली आणि उरलेले आठ महिने त्यांना आपत्ती कक्षात बसवलं. ही शिक्षा जमादार मॅडमनी विचार करूनच शोधली असावी. नगरपरिषदेच्या पुढच्या सभेत एक ठराव झाला: यंत्राला रोजचे आवाज पुन्हा शिकवायचे, आणि त्याआधी प्रत्येक कर्मचाऱ्याने आपली न नोंदलेली कामं सांगायची, महिनाभरात जो सांगेल त्याच्यावर कारवाई नाही. पहिले चार दिवस कोणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी वायरमन कदम आला आणि शाळेमागच्या खांबावरून अंगणवाडीला दिलेल्या तारेबद्दल बोलला. मग रांगच लागली. कोणी नाल्यावर फरशी टाकून भाजीवाल्यांना बसू दिलं होतं, कोणी धोकादायक भिंतीला वरिष्ठांना न सांगता स्वतःच लाकडी टेकू दिला होता. त्या यादीतला प्रत्येक जण कोणाच्या तरी भल्यासाठीच चोरून काही करत होता. हणमंत समोर बसून एकेकाचा आवाज यंत्राला ओळखवून द्यायचे. महिन्याअखेरीस त्या यादीतून गावातल्या सात धोक्याच्या जागा निघाल्या, ज्या कुठल्याच नकाशावर नव्हत्या.

डोंगरआळीला बाजार समितीच्या मागे सपाटीवर घरं मिळाली. तिथे सकाळी सहाला प्रत्येक नळाला सारखं पाणी येतं. हौसाआत्याला ते पटत नाही. इतक्या सहज आलेल्या पाण्याला चव नसते असं तिचं म्हणणं आहे.

चैत्रात हणमंत निवृत्त झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी शरयू कक्षात एकटी होती. तीन वाजून पाच मिनिटांनी यंत्र वाजलं. टाकीजवळची तार शाबूत होती, आणि नव्याने शिकवताना त्या जागेची जुनी नोंद तिने खऱ्या नावाने पुन्हा घातली होती: वरल्या रांगेचं पाणी. पडद्यावर ओळ आली. आवाज नाही, चौकशी करा. तशी ती गेले कित्येक महिने रोज येत होती. शेजारी बसलेल्या बापाकडे बघून ती रोज पुसत होती. आज शेजारची खुर्ची रिकामी होती.

नोंद कायमची काढून टाकायला एक बटण पुरे होतं. शरयूने ते दाबलं नाही. तिने फोन लावला.

"अण्णा, चहा घेतला का?"

"आत्याकडं आलोय. ठेवलाय तिनं. का गं, काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "सहज."

फोन ठेवून तिने यंत्रात उत्तर भरलं, आणि पुढे रोज तीन वाजून पाच मिनिटांनी तेच भरत राहिली: चौकशी केली. अण्णा ठीक आहेत.